बाबांचं नसलेलं शौर्यपदक

शहापूरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून मिळतील, शपथपत्र टाइप करून मिळेल, फोटो लगेच मिळतील, अशी पाटी बाहेर लावलेली आहे. इतकी वर्षं त्या काउंटरमागे बसून माझं एक मत पक्कं झालंय. सरकारच्या दृष्टीने कागद हा मूळ प्रत असतो आणि समोर उभा असलेला माणूस ही त्याची पुसट झेरॉक्स. दोघांत फरक निघाला तर माणसाने सुधारायचं. हे ज्ञान मी गिऱ्हाइकांना फुकट वाटत असे. पुढे ते माझ्याच वडिलांवर वापरायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

बाबा मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या आत एका गावात राहतात. सैन्यात ड्रायव्हर होते. वर बर्फात असलेल्या चौक्यांना रसद पोचवायची, हे त्यांचं काम. कांदे, रॉकेल, डाळ, टपाल, जाताना भरलेला ट्रक आणि येताना बहुतेक रिकामा. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि घरच्या भातशेतीला लागले. गावाला त्यांच्या नोकरीचं फारसं कौतुक कधी नव्हतं. कुणाची जीप चिखलात रुतली की त्यांची आठवण व्हायची, बाहेर निघाली की विसर पडायचा. घरी एका कोटावर त्यांची मोजकी पदकं लावलेली होती, लांब सेवेची, उंच थंड भागात राहिल्याची. बाबा म्हणायचे, "रांगेत उभा राहिला त्याला मिळतात ती." पण कोट मात्र उन्हाला ठेवायचे ते स्वतः, आईलाही हात लावू द्यायचे नाहीत.

काही वर्षांपूर्वी माजी सैनिकांची सगळी रेकॉर्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम कुठेतरी झालं. त्यानंतर जिल्ह्याच्या एका कार्यालयातून बाबांच्या नावाने पत्र आलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे कामं असतात. आमच्याकडे पोस्टमन अख्ख्या गावाची पत्रं ग्रामपंचायतीत टाकतो आणि सरपंच ती चुकून उघडतात. ही चूक ते रोज नेमाने करतात. त्यामुळे बाबा शेतात पंपाशी झटत होते तेव्हा गावाला देवळाच्या लाउडस्पीकरवरून कळलं की आपल्या गावात एक शौर्यपदक विजेता आहे. बाबांनाही तिथूनच कळलं. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

तसं ते खरंही होतं.

पत्रात लिहिलं होतं की आपल्या सेवा अभिलेखानुसार आपण शौर्यपदकाचे मानकरी आहात, तरी गौरव समारंभास उपस्थित राहावे. बाबांनी पत्र वाचलं, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं आणि सरपंचांना म्हणाले, "ह्ये माझं नाय."

"असं कसं? नाव तुमचं, बापाचं नाव तुमचं, आडनाव तुमचं."

"नाव माझं हाय. पदक माझं नाय."

सरपंचांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा."

टाळ्या पडल्या. तिथून पुढे बाबा जितक्या वेळा नाही म्हणाले तितका त्यांचा मोठेपणा वाढत गेला. आमच्याकडे खोटं बोलून मोठं झालेली माणसं भरपूर आहेत, खरं बोलून मोठा होणारा मी हा एकच पाहिला आणि तोही वैतागलेला.

आठवड्याच्या आत फाट्यावर फ्लेक्स लागला. वर नेत्यांची मुंडकी, मध्ये सरपंच हात जोडून, आणि खाली कोपऱ्यात बाबांचा रेशनकार्डावरचा फोटो. मागे रणगाडा. बाबांनी आयुष्यात रणगाडा चालवलेला नाही, पण कांद्याच्या गोण्यांचा ट्रक फ्लेक्सवर शोभला नसता हे मान्य करायला हवं. शाळांमधून बोलावणी येऊ लागली. प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. आईने सुरुवातीला खोबऱ्याच्या वड्या केल्या, मग शेजारी नारळ वाटले, मग शेजारी येईनासे झाले. शाली मात्र ती घडी करून ठेवत होती. "मिळतंय तर घ्या की," ती बाबांना म्हणायची. "इतकी वर्सं बर्फात काढलीत. एक पदक चुकून जास्त आलं तर काय आभाळ कोसळतंय?"

माझंही मत साधारण आईसारखंच होतं, फक्त मी ते जास्त शिकलेल्या भाषेत मांडलं. एका रविवारी मी गावी गेले होते. बाबा बांधावर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, रेकॉर्डात आहे ना? मग राहू दे. काढायला गेलात तर दुसरं काहीतरी निघेल. मी रोज बघते."

त्यांनी हातातलं ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "माझ्या ट्रकातनं मी पोरं खाली आनलीत गो. जखमी. कांदे उतरवायचे आन् पोरं भरायची. एक बोलत होता, घाट उतरेपर्यंत बोलला आन् मग गप झाला. असं उगाच कुनी पदक देत नाय. ज्यानं कायतरी केलं आसंल त्याचं ते. तो मानूस कुठंतरी बसला आसंल. मी त्याच्या शाली घेतोय."

सोमवारी दुकान उघडलं आणि त्याच शिकलेल्या भाषेत पदक काढायचा अर्ज टाइप केला.

जिल्ह्याच्या कार्यालयात काउंटरवर एक बाई होत्या. चांगल्या होत्या, चष्म्यावरून बघायच्या. अर्ज वाचून त्यांनी बाबांकडे पाहिलं. "आजोबा, लोक इथे पदक लावून घ्यायला येतात."

"मला काढायचंय."

"काढायचा फॉर्म नाही."

मी म्हटलं, "मॅडम, दुरुस्तीचा असेल ना?"

"आहे की. जन्मतारीख दुरुस्ती, पत्नीचं नाव दुरुस्ती, पदक समाविष्ट करणे. कमी करणे असं काही नाहीच. आजवर कुणी मागितलंच नाही." मग जरा विचार करून म्हणाल्या, "तुमच्याकडे पुरावा काय?"

"कसला?"

"तुम्ही शौर्य केलेलं नाही याचा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी असं ठरलं की शपथपत्र करावं. बाईंनीच मजकूर सांगितला: मी माझ्या संपूर्ण सेवाकाळात कोणतेही शौर्य केलेले नाही. मी लिहून घेतलं. दुकानात येऊन टाइप केलं, प्रिंट काढली. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"ह्ये नाय सही करनार."

"का?"

"बर्फात चाकावरची चेन तुटलेला ट्रक मी एका अंगाला दरी ठेवून मागं घेतलाय. त्याला तुमी काय म्हनता ते मला म्हाईत नाय. पन कायच केलं नाय असं लिवून देनार नाय. पदक माझं नाय एवढंच लिव."

तेवढंच लिहिलं. नोटरीने शिक्का मारताना तीनदा विचारलं की "नाही" हा शब्द चुकून तर पडला नाही ना.

अर्ज दूर कुठल्याशा रेकॉर्ड ऑफिसला गेला. पावसाळा गेला, भात कापून झालं, तेव्हा उत्तर आलं. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने अभिलेखाची पडताळणी केली असता सदर पदकाची नोंद बरोबर असल्याचे आढळून आले. म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरमधली नोंद कॉम्प्युटरमधल्याच नोंदीशी ताडून पाहिली होती आणि दोन्हींत तिळमात्र फरक निघाला नव्हता. पाकिटावर बाबांच्या नावाआधी "शौर्यपदक विजेते" असं मोठ्या अक्षरात छापलेलं. पाकीट पंचायतीत आलं, सरपंचांनी ते चुकून उघडलं आणि पुन्हा लाउडस्पीकर लागला. आता तर सरकारने पडताळणी करून सांगितलं होतं.

बाबा दुसरा अर्ज घेऊन गेले. मी दुकान बंद ठेवून बरोबर गेले. या वेळी बाई वैतागलेल्या होत्या. फाइल आपटून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही आमची थट्टा चालवलीय का?"

"काय झालं?"

"एकीकडे अर्ज करता की पदक काढा. दुसरीकडे अर्ज करता की माझं पदक लावा. तेही शिव्या घालून! आधी घरी बसून काय ते ठरवा आणि मग या."

बाबा म्हणाले, "मी कंदी लावा म्हनलं?"

बाईंनी फाइलीतून कागद काढले. चार-पाच अर्ज होते, निळ्या शाईने, दाबून लिहिलेले. माझे पदक माझ्या नावावर नाही, आपण झोपला आहात काय, इथपासून सुरुवात. खाली बाबांचंच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव. अक्षर बाबांचं नव्हतं. पत्ता जुन्नर तालुक्यातल्या एका गावाचा होता, माळशेज घाट चढून वर गेलं की लागतं तिथला.

मी विचारलं, "मॅडम, पत्ता वेगळा आहे हे बघितलंत का?"

"नाव एकच आहे ना. वरून सगळं इकडेच येतं. आम्हाला वाटलं तुमचं शेत असेल तिकडे."

दोघांच्या सैन्यातल्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले होते, एवढंच. तेवढ्यावर एका माणसाचं पदक घाट उतरून खाली आलं होतं आणि त्याच्या तक्रारीही मागोमाग उतरत होत्या. बाई आता नरमल्या. म्हणाल्या, "मी दुसऱ्याची माहिती द्यायला नको खरं तर. निदान नाव तरी सांगायला नको." मग त्यांनाच हसू आलं. बाबांना हसू आलं नाही. ते पत्ता पाठ करत होते.

दोन दिवसांनी आम्ही टोकावड्याला कल्याणहून नगरला जाणारी गाडी पकडली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घाटात ड्रायव्हरने गिअर बदलला की त्यांचा डावा हात मांडीवर हलायचा. मी त्यांना म्हटलं, "काय बोलायचं ते ठरवलंय का?" ते म्हणाले, "माफी मागायची." मी म्हटलं, "तुम्ही काय केलंय?" ते म्हणाले, "शाली घेतल्या."

गावात उतरून चौकशी करायची तर नाव विचारावं लागणार. बाबांनी स्टँडवरच्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं आणि विचारलं, हे कुठे राहतात. तो हसला. "पदकवाला व्हय? जावा सरळ, कांद्याच्या चाळीशेजारी. मूड बघून बोला." पदकवाला हे नाव तिथे ज्या सुरात घेतलं जात होतं तो सूर मला ओळखीचा होता. आमच्याकडे न झालेल्या पुलाला 'नवा पूल' म्हणतात, त्या सुरात.

कांदे साठवायच्या त्या चाळीशेजारी एक उंच, वाळका म्हातारा गळक्या पाइपला फडकं गुंडाळत होता. बाबांनी हात जोडले, नाव सांगितलं. त्याने फडकं तसंच सोडलं. पाणी उडायला लागलं.

"तूच का त्यो चोर?"

"मी चोरलं नाय," बाबा म्हणाले. "माझ्या नावावर पडलं. मी काढायला अर्ज केलेत. दोनदा."

"काढायला? आन् शाळेत भाषणं कोण करतंय? मोबाइलवर दाखवलं मला नातवानं. रणगाडा काय, शाल काय! कुठला रणगाडा चालवला रं तू?"

"कुठलाच नाय. ट्रक चालवत होतो. सप्लाय."

"सप्लाय," तो म्हणाला. जगात याहून वाईट काही नसावं अशा आवाजात. पाणी त्याच्या धोतरावर येत होतं. मग एकदम विचारलं, "कुठल्या रस्त्याला?"

बाबांनी रस्ता सांगितला. त्याने खिंडीचं नाव घेतलं. बाबांनी पुढच्या वळणाचं घेतलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मध्येच जाऊन पाइपवर पाय दिला, कारण दोघांपैकी कुणालाच ते सुचणार नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "आमच्या चौकीवर एकदा रॉकेल आलंच न्हाई. आठ दिस. तूच आसशील."

"त्या साली दरड पडलेली. मी खाली अडकलो होतो."

"आम्ही वर अडकलो व्हतो," तो म्हणाला. आणि घराकडे वळून ओरडला, "भाकरी जास्तीच्या टाक गं. चोर जेवायला हाय."

त्याची बायको बाहेर आली, आम्हाला पाहून कपाळावर हात मारला आणि आत नेलं. पिठलं-भाकरी खाता खाता तिने जे सांगितलं त्यावरून कळलं की पदक घरात आहे, लोखंडी पेटीत. पण रेकॉर्डाला नाही म्हटल्यावर गावात कुणाचं तरी डोकं चाललं की बाजारातून विकत आणलं असेल. तेव्हापासून हा माणूस ना लग्नाला जातो ना जत्रेला. गेला तर भांडून येतो. ती म्हणाली, "आधी असा नव्हता हो. हसायचा." तो तिच्याकडे बघून म्हणाला, "भाकरी वाढ."

निघताना त्याने पेटी उघडून पदक बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं. "काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"गोळीबार चालला व्हता. पुढं गेलो. दोघांना ओढून आणलं. तिसरा न्हाई आला." त्याने पदक परत घेतलं. "सगळे दोघांचंच लिहितात."

त्याने पेटीला कुलूप लावलं. आम्हाला सोडायला तो फाटकापर्यंत आला. तिथे तो म्हणाला, "सोमवारी येतो मी हापिसात. बघू कोण झोपलंय."

सोमवारी दोघं काउंटरसमोर शेजारी शेजारी उभे होते. बाईंनी नाव पुकारलं. दोन आवाज एकदम आले. आतून साहेब बाहेर आले. त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन्ही आधार कार्डं पाहिली, दोन्ही डिस्चार्ज पुस्तकं पाहिली, पेटीतलं पदक पाहिलं. खूप विचार करून ते म्हणाले, "म्हणजे आपण दोन वेगवेगळ्या व्यक्ती आहात असं आपलं म्हणणं आहे."

जुन्नरचे म्हणाले, "डोळे तपासून घ्या."

"तसं नाही आजोबा. मला दिसतंय. पण रेकॉर्डला दिसायला हवं. दोन्ही ग्रामपंचायतींचा दाखला आणा, की या दोन भिन्न व्यक्ती आहेत. मग मी शिफारस करून वर पाठवतो."

जुन्नरकरांच्या पंचायतीने दाखला तासाभरात दिला, तो माणूस दारातून जावा म्हणून. आमचे सरपंच मात्र अडून बसले. त्यांनी 'शौर्यपदक विजेत्याचे गाव' म्हणून रस्त्याचं काँक्रीटीकरण मागितलं होतं, समाजमंदिर मागितलं होतं, आणि प्रवेशद्वाराच्या कमानीचे खांब तर उभेही राहिले होते. पदक गेलं तर खांब कशाचे म्हणायचे? ते बाबांना म्हणाले, "काका, गावाचा विचार करा. दाखला मागू नका."

"दोन मानसं दोन हायेत, एवढंच लिवायचंय."

"तेच तर नाही लिहिता येत."

बाबांनी वाद घातला नाही. प्रजासत्ताक दिन जवळ आला होता. झेंडावंदनाला प्रमुख पाहुणे तेच होते. या खेपेला भाषण करतो असं त्यांनी आपणहून सांगितलं आणि सरपंच खूश झाले. त्याआधीच्या सगळ्या भाषणांत बाबा "जय हिंद" एवढंच म्हणून खाली बसायचे.

त्या दिवशी सकाळी नगरकडून येणाऱ्या गाडीतून एक उंच म्हातारा कोट घालून उतरला. छातीवर पदक. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. झेंडा चढला, पोरांनी कवायत केली, सरपंचांनी लांबलचक ओळख करून दिली. मग बाबा माइकजवळ गेले. अंगावर त्यांचा स्वतःचा कोट होता, रांगेत उभं राहून मिळालेल्या पदकांचा.

"गाववाल्यांनो," ते म्हणाले, "मी ड्रायव्हर होतो. शौर्यपदक मला कंदी मिळालं नाय. मी सांगितलं, तुमी टाळ्या वाजवल्या. आता वाजवू नका. ज्यांना मिळालं ते हे बसलेत. नाव माझंच हाय, मानूस दुसरा हाय. त्यांना त्यांच्या गावात कुनी खरं मानत नाय, माझ्यामुळं. एवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही. आई बायकांच्या रांगेत बसली होती. तिने पदर नाकाशी धरला आणि सरळ समोर बघत राहिली. मला वाटलं, संपलं आता, उद्यापासून या गावात आपल्याला कुणी मीठ देणार नाही.

पण सरपंच काही उगाच सरपंच झालेले नाहीत. क्षणभर ते माइककडे बघत राहिले, मग त्यांनी तो उचलला. "बंधू-भगिनींनो," त्यांचा आवाज भरून आला होता, "पदक मिळवणारे पुष्कळ पाहिले. पण मिळालेलं पदक आपल्या सैनिक बांधवाला देऊन टाकणारा, त्याग करणारा..."

"दिलं कुणी?" पहिल्या रांगेतून आवाज आला. जुन्नरचे उभे राहिले होते. "माझंच हाय ते! त्याग कसला करतो त्यो? माझंच मला!"

पण तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला होता. दोघांना शाली घालण्यात आल्या. दोघांना नारळ. त्याच दुपारी सरपंचांनी दाखला स्वतः लिहून दिला आणि खाली सही केली. 'त्यागमूर्तीचे गाव' म्हणूनही रस्ता मागता येतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढच्या महिन्यात कमानीवर तसं रंगवलंही. बाबा त्या कमानीखालून जाताना मान खाली घालतात. लोकांना वाटतं, नम्रता.

कागद वर गेले. या वेळी खरोखर दुरुस्ती झाली. जुन्नरच्या नोंदीत पदक आलं आणि बाबांच्या नोंदीतून गेलं. फक्त काढणाऱ्याने काम मन लावून केलं होतं. बाबांच्या नोंदीत पदकांसमोर आता "निरंक" होतं. लांब सेवेचं गेलं, उंच भागाचं गेलं, सगळं धुऊन पुसून स्वच्छ.

बाबांना मी रागावलेलं फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी कागद वाचला आणि कोट आणायला आत गेले. तो हातात घेऊन बाहेर आले. "ही माझी हायेत," ते म्हणाले. "ही मी थंडीत मिळवलीत. ही कशी काढली?" आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने पहिल्यांदाच त्या कोटाला हात लावला. त्यांनी तो लावू दिला.

पुन्हा कार्यालय. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आता सोपं आहे. पदक समाविष्ट करायचा फॉर्म आहे आपल्याकडे." मला वाटलं बाबांच्या बाजूने चार शब्द मी बोलावेत. पण तशी वेळ आलीच नाही. जुन्नरचे बरोबर आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि साहेब बाहेर येईपर्यंत बोलत होते. सप्लायशिवाय चौकी किती दिवस तग धरते, रॉकेल नसलं की माणसाची बोटं कशी काळी पडतात, आणि अशा माणसाची पदकं पुसणाऱ्याची बोटं कशी असायला हवीत. अख्खं कार्यालय काम थांबवून ऐकत होतं. बाबा खाली मान घालून बाकावर बसले होते. मला दिसत होतं, ते हसत होते.

बाबांची नोंद पूर्ववत व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. पण झाली.

त्याच सुमारास जुन्नरच्या गावाला साक्षात्कार झाला की आपल्यात एक शूर वीर राहतो. मिरवणूक ठरली, फ्लेक्स लागले, आमदार येणार म्हणून मंडप मोठा घातला. आम्हाला आमंत्रण होतं. मी, आई आणि बाबा गेलो. स्टेजवर मधली खुर्ची रिकामी होती. निवेदक दर थोड्या वेळाने सांगत होता की सत्कारमूर्ती कोणत्याही क्षणी येत आहेत. सत्कारमूर्तींची बायको आमच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "येत न्हाईत म्हणतात. जरा बघता का?"

बाबा आणि मी घराकडे गेलो. ते कांद्याच्या चाळीमागे गोणपाटावर बसले होते. कोट घातलेला होता, बटणं नीट लावलेली. म्हणजे जायला निघाले होते. बाबांना पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"त्यो निवेदक," ते म्हणाले, "त्यानंच माझं नाव पदकवाला ठेवलं व्हतं. आज शूरवीर म्हणतोय. त्याच तोंडानं." मग म्हणाले, "त्या तिसऱ्याच्या घरी जायचं व्हतं मला. दरवर्षी म्हणायचो, एकदा कागद झाला की कागद घेऊन जाईन. त्याची आई गेली औंदा."

बाबा त्यांच्याशेजारी गोणपाटावर बसले. मी चाळीच्या खांबाला टेकून उभी राहिले. मंडपातून कुणाचं तरी भाषण ऐकू येत होतं, देश, माती, रक्त, असं काहीतरी.

"भाऊ आसंल ना त्याचा?" बाबांनी विचारलं.

"हाय एक. लांब हाय."

"मग जाऊ की. मी येतो."

"गाडी कोण चालवणार? मला न्हाई येत."

बाबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जुन्नरच्यांनी गोणपाटावर सरकून जागा केली आणि मलाही बस म्हणाले.